दोन प्रकारचे संदर्भ : झाकीर नाईक प्रकरण समजून घेताना

मुंबईत सायनच्या सोमय्या मैदानावर २००७ सालापासून काही वर्षे जी मोठी शांतता परिषद भरत असे, तिच्यात लोकांचे खरे आकर्षण व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांचे असे. पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगवेगळे माइक लावलेले असत आणि बिगरमुस्लिम प्रश्नकर्त्याला रांगेत आधी संधी दिली जाई. त्याचा प्रश्न संपतो न संपतो तोच सूट, टाय आणि पांढरी टोपी घातलेला वक्ता इंग्रजीतून उत्तराला सुरुवात करी : अमुक सूरा, अध्याय इतका, आयत इतकी, मग बायबलमधले अमुक पुस्तक, अध्याय आणि ओळ, मग उपनिषदातला एखादा मंत्र, त्याच्या अध्याय-खंडासह. हातात कागद नसे, बोलण्यात अडखळणे नसे, आणि आकड्यांची ती रांग पूर्ण होताच मैदानात टाळ्या वाजत.

तो वक्ता म्हणजे डॉ. झाकीर नाईक. त्यांच्याविषयी मराठीत जे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांचे असते, आणि या गदारोळात नेमका वाद कशाचा आहे, कोणत्या कायद्याखाली आहे आणि तो कुठवर आला आहे, हे सांगायचे राहून जाते. हे प्रकरण समजून घ्यायला आपल्या भाषेतला एकच शब्द पुरेसा आहे असे मला वाटते, आणि तो म्हणजे ‘संदर्भ’. त्याचे दोन अर्थ आहेत. एखादे वाक्य कुठल्या ग्रंथातल्या कुठल्या पानावर आहे, हा एक संदर्भ. आणि ते वाक्य कोणी, कोणाला, कशाच्या ओघात म्हटले, हा दुसरा. नाईक यांची सारी कीर्ती पहिल्या प्रकारच्या संदर्भावर उभी राहिली, आणि त्यांच्याभोवतीचे बहुतेक सारे वाद दुसऱ्या प्रकारच्या संदर्भावरून पेटले.

नाईक यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९६५ रोजी मुंबईत एका कोकणी मुस्लिम कुटुंबात झाला. वडील पेशाने डॉक्टर होते. माझगावच्या सेंट पीटर्स शाळेत, नंतर किशिनचंद चेलाराम महाविद्यालयात आणि पुढे नायर रुग्णालयाच्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि त्यांनी एमबीबीएसची पदवी घेतली. लहानपणी आपण बोलताना अडखळत असू, असे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितले आहे. मदरशात वर्षानुवर्षे राहून अरबी व्याकरण, हदीसशास्त्र (हदीस म्हणजे प्रेषितांची वचने व कृती यांच्या नोंदी) आणि धर्मशास्त्र यांचा क्रमवार अभ्यास करणाऱ्याला आलिम म्हणतात. तसे शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. वैद्यकी सोडून त्यांनी १९९१ मध्ये डोंगरीत ‘इस्लामिक रिसर्च फाउंडेशन’ स्थापन केले आणि पूर्ण वेळ ‘दावा’चे काम, म्हणजे इतरांना इस्लामकडे बोलावण्याचे काम, हाती घेतले. २००६ मध्ये ‘पीस टीव्ही’ ही इंग्रजी वाहिनी सुरू झाली आणि पुढे तिच्या उर्दू व बांगला आवृत्त्या निघाल्या. भारतात या वाहिनीला प्रसारणाचा परवाना नव्हता, तरी मुंबईतल्या आणि इतर शहरांतल्या केबलवर ती दिसत असे.

नाईक यांची वादपद्धती मात्र डोंगरीत जन्मलेली नाही. तिचा उगम शोधायचा तर १८५४ सालच्या आग्र्याला जावे लागते. तिथे जर्मन मिशनरी कार्ल फांडर आणि कैराना गावचे मौलाना रहमतुल्ला यांच्यात भर सभेत ‘मुनाजरा’, म्हणजे दोन धर्मांतला जाहीर वादविवाद, झाला. तोपर्यंत मिशनरी कुराणावर आक्षेप घेत आणि मौलवी बचाव करीत. रहमतुल्ला यांनी बाजू उलटवली आणि युरोपातल्याच विद्वानांनी बायबलच्या पाठभेदांवर जे लिहिले होते, ते मिशनऱ्यासमोर ठेवले. १८५७ नंतर ते मक्केला निघून गेले आणि पुढे त्यांनी हा सारा युक्तिवाद ‘इजहार-उल-हक’ या अरबी ग्रंथात मांडला. सुरतेकडून नवव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत गेलेला अहमद दीदात नावाचा तरुण पुढे दरबानजवळ एका दुकानात नोकरी करीत असताना शेजारच्या मिशनमधले विद्यार्थी त्याला धर्मावरून छेडत, आणि त्याला उत्तरे सापडली ती याच ग्रंथात. दीदात यांनी तो वाद अरबी ग्रंथातून काढून इंग्रजी व्यासपीठावर आणि व्हिडिओ कॅसेटवर नेला. १९८७ च्या सुमारास वैद्यकीचे विद्यार्थी असलेल्या नाईक यांची त्यांच्याशी भेट झाली, आणि पुढे दीदात त्यांना ‘दीदात प्लस’ म्हणू लागले.

ही परंपरा लक्षात घेतली की नाईक यांच्या बोलण्याची धाटणी उलगडते. गावच्या मशिदीत शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन, देणाऱ्या इमामाचे काम श्रद्धावंताला आचरणाकडे वळवण्याचे असते, आणि सूफी दर्ग्यात मनाला धीर दिला जातो. मुनाजऱ्यात मात्र प्रतिपक्षाला त्याच्याच ग्रंथाने निरुत्तर करायचे असते. तिथे जिंकणे-हरणे असते आणि प्रेक्षक असतात. इंग्रजी शिकलेल्या, संगणकावर काम करणाऱ्या, परंतु आपल्या धर्माविषयी चारचौघांत कोणी विचारले तर काय सांगावे हे न कळणाऱ्या हजारो मुस्लिम तरुणांना नाईक यांच्यात आपला वकील सापडला. हे आकर्षण समजून न घेता त्यांच्या लोकप्रियतेला केवळ भडकपणा म्हणणे मला अपुरे वाटते.

आता ही पद्धत एका उदाहरणावर तपासून पाहू. हिंदू श्रोत्यांपुढे नाईक हमखास छांदोग्य उपनिषद ६.२.१ मधले ‘एकमेवाद्वितीयम्’ आणि यजुर्वेद ३२.३ मधले ‘न तस्य प्रतिमा अस्ति’ ही वचने सांगतात, आणि हिंदूंचेच ग्रंथ एकेश्वरवाद सांगतात व मूर्तिपूजा नाकारतात असा निष्कर्ष काढतात. वचने आहेत, आकडे बरोबर आहेत. परंतु छांदोग्याचा सहावा अध्याय उघडला तर तिथे उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो आहे की आरंभी हे सारे केवळ ‘सत्’ होते, एकच, दुसरे नसलेले. त्या ‘सत्’पासून जग कसे झाले हे सांगत सांगत तो ज्या वाक्यापाशी पोचतो, ते म्हणजे ‘तत्त्वमसि’ : ते तूच आहेस. निर्माता आणि निर्मिती यांच्यात कधीही न पुसणारी रेघ ओढणाऱ्या इस्लामी एकेश्वरवादाला हा निष्कर्ष मुळीच मान्य होणार नाही. म्हणजे आरंभीचे तीन शब्द घेतले गेले आणि ज्या उपदेशासाठी ते आले तो मागे राहिला. यजुर्वेदातल्या वचनातही ‘प्रतिमा’ या शब्दाचा अर्थ तुल्य किंवा उपमान असा घेणारी जुनी परंपरा आहे, म्हणजे ‘त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही’. मैदानातल्या श्रोत्याला हे त्या क्षणी पडताळता येत नाही. त्याला आकडा ऐकू येतो आणि आकड्यामुळे खात्री वाटते. हा पहिल्या प्रकारचा संदर्भ दुसऱ्या प्रकारच्या संदर्भाची जागा घेतो, आणि माझ्या मते नाईक यांच्यावरची सर्वांत गंभीर बौद्धिक टीका हीच आहे.

बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसलेला भाग असा की त्यांना जोरदार विरोध मुस्लिम समाजाच्या आतूनच झाला. भारतीय उपखंडातले बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी परंपरा मानतात, म्हणजे कुराण आणि हदीस यांचा अर्थ लावताना इमाम अबू हनीफांच्या शाळेने घालून दिलेली चौकट पाळतात. या अनुसरणाला ‘तकलीद’ म्हणतात. सामान्य माणसाने मूळ वचनावरून थेट निर्णय काढू नये, कारण त्याला इतर वचनांचा, काळाचा आणि भाषेचा मेळ घालता येत नाही, ही तिच्यामागची भूमिका. नाईक मात्र थेट आयत आणि हदीस उद्धृत करून निकाल देतात. म्हणून देवबंदच्या दारुल उलूममधून निघालेल्या फतव्यांत त्यांना ‘गैरमुकल्लिद’, म्हणजे तकलीद न मानणारे, ठरवून त्यांच्या व्याख्यानांवर विसंबू नये असे सांगितले गेले. दर्गे आणि पीर मानणाऱ्या बरेलवी पंथाचा राग आणखी तीव्र होता, कारण दर्ग्यावर नवस बोलण्याला नाईक यांचा ठाम विरोध आहे. डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी करबलाची लढाई राजकीय होती असे म्हटले आणि ज्याच्या सैन्याने तिथे प्रेषितांचे नातू इमाम हुसेन यांना मारले त्या यजीदच्या नावापुढे ‘अल्लाह त्याच्यावर प्रसन्न असो’ हे आदरवचन उच्चारले, तेव्हा शिया समाज संतापला. इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा शोक दर मोहरमला पाळणाऱ्यांसाठी त्या चार शब्दांचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. पुढे २०१६ मध्ये सरकारी कारवाईची चर्चा सुरू झाली तेव्हा देवबंदने, आपले फतवे पंथीय मतभेदाचे आहेत आणि ते दहशतवादाच्या आरोपासाठी वापरू नयेत, असेही स्पष्ट केले. हा भेद करणे त्या वेळी सोपे नव्हते, म्हणून मला त्याचे मोल वाटते.

आता त्या वाक्याकडे येऊ, ज्याने त्यांचे नाव जगभर गाजवले. एका जुन्या व्याख्यानात ओसामा बिन लादेनविषयी विचारले असता, तो इस्लामच्या शत्रूंशी लढत असेल आणि अमेरिकेसारख्या ‘दहशतवादी’ देशाला दहशत बसवत असेल तर आपण त्याच्या बाजूने आहोत, आणि प्रत्येक मुस्लिमाने दहशतवादी असले पाहिजे, अशा आशयाचे ते बोलले. त्यांचा खुलासा असा की पोलिसाला पाहून चोराला जशी दहशत वाटते, तशी समाजकंटकांना मुस्लिमाची दहशत वाटावी एवढाच आपला अर्थ होता, आणि वाक्य संदर्भ तोडून दाखवले गेले. निरपराध माणसांना मारणे इस्लामला मान्य नाही, असेही त्यांनी वेळोवेळी म्हटले आहे. पोलिसाचे उदाहरण त्या भाषणांत खरोखरच आहे. परंतु बिन लादेनविषयीचे ‘जर-तर’ त्या उदाहरणाने पुसले जात नाही, आणि ११ सप्टेंबरचा हल्ला अमेरिकेतल्या सत्ताधाऱ्यांनीच घडवला असे सांगणाऱ्या वक्त्याकडून ते आल्यावर त्याचा परिणाम काय होईल, ही जबाबदारीही वक्त्याचीच राहते. इतर धर्मीयांना मुस्लिम देशांत धर्मप्रचाराची मोकळीक का नाही, या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तरही असेच लक्षात राहणारे आहे : दोन आणि दोन तीन होतात असे शिकवणाऱ्या गणिताच्या मास्तराला तुम्ही शाळेत ठेवाल का? ज्या व्यक्तीने स्वतःच्या देशातल्या धर्मस्वातंत्र्याच्या बळावर आयुष्यभर प्रचार केला, तिने हे उत्तर द्यावे याचे मला मनापासून दुःख वाटते.

जून २०१० मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी याच प्रकारच्या वक्तव्यांच्या आधारे त्यांना प्रवेश नाकारला, कॅनडाचे दरवाजेही त्याच सुमारास बंद झाले, आणि ब्रिटनमधल्या न्यायालयांनी तो निर्णय कायम ठेवला. इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. परदेशी नागरिकाला प्रवेश नाकारणे ही शिक्षा नसते. त्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, सार्वजनिक हिताला बाधा येईल असे सरकारचे सकारण मत पुरते. दुसऱ्या बाजूला २०१५ मध्ये सौदी अरेबियाने त्यांना इस्लामच्या सेवेसाठी किंग फैसल पुरस्कार दिला, जो १९८६ मध्ये दीदात यांनाही मिळाला होता.

१ जुलै २०१६ रोजी ढाक्यातल्या होली आर्टिझन बेकरीवर हल्ला झाला. ओलीस ठेवलेल्या २० जणांना मारण्यात आले, त्यांत बहुसंख्य परदेशी होते. हल्लेखोरांपैकी एकाने फेसबुकवर नाईक यांचे वचन टाकले होते, असे बांगलादेशातल्या ‘डेली स्टार’ने छापले. नाईक यांच्यामुळे हल्ला झाला असे आपण म्हटलेले नाही, असा खुलासा त्या वृत्तपत्राने नंतर केला, पण तोवर बांगलादेशाने पीस टीव्ही बांगला बंद केली होती आणि भारतात चौकशी सुरू झाली होती. नाईक त्या वेळी देशाबाहेर होते आणि ते परतले नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईत त्यांचे वडील वारले, तेव्हाही ते अंत्ययात्रेला आले नाहीत.

त्यानंतर भारतात जे घडले त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांत त्या नेहमी एकत्र कालवल्या जातात. पहिली गोष्ट संस्थेवरची बंदी. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे ज्याला सगळे ‘यूएपीए’ म्हणतात त्याखाली, इस्लामिक रिसर्च फाउंडेशनला पाच वर्षांसाठी बेकायदेशीर संघटना ठरवले. या कायद्यानुसार सरकारला असा आदेश ३० दिवसांच्या आत न्यायाधिकरणापुढे ठेवावा लागतो. त्यावर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बसतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि सहा महिन्यांत आदेश कायम करतात किंवा रद्द करतात. २०१७ मध्ये न्यायाधिकरणाने तो कायम केला. २०२१ मध्ये बंदी आणखी पाच वर्षांसाठी वाढवली गेली आणि २०२२ मध्ये तीही कायम झाली. या प्रक्रियेत संघटनेचे स्वरूप तपासले जाते. एखादी व्यक्ती दोषी आहे का, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

तो प्रश्न दुसऱ्या गोष्टीत येतो, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, एनआयएच्या, फौजदारी खटल्यात. यूएपीएची कलमे आणि धर्माधर्मांत वैर पसरवण्याविषयीचे भारतीय दंड संहितेचे कलम १५३अ लावून गुन्हा नोंदवला गेला, २०१७ मध्ये त्यांचे पारपत्र रद्द झाले, न्यायालयाने त्यांना फरार घोषित केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरोपपत्र दाखल झाले. नाईक यांनी सर्व आरोप नाकारले आहेत. तिसरी गोष्ट सक्तवसुली संचालनालयाची, पैशांची : मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखालच्या या प्रकरणात २०१९ मध्ये १९३ कोटी रुपयांहून अधिक रकमेचा आरोप ठेवला गेला. भाषण द्वेषमूलक होते का, आणि पैसा गुन्ह्यातून आला का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पैशांच्या प्रकरणात मात्र मूळ गुन्हा दाखवावा लागतो, म्हणून तिसरी गोष्ट दुसरीच्या खांद्यावर उभी आहे. संस्थेच्या एका कर्मचाऱ्याला केरळमधल्या एका तरुणाला ‘आयसिस’कडे वळवल्याच्या आरोपावरून २०१६ मध्ये अटक झाली होती, मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये त्याची निर्दोष सुटका केली. हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे.

मग त्यांना आणता का येत नाही? डिसेंबर २०१७ मध्ये इंटरपोलने रेड कॉर्नर नोटीस, म्हणजे आरोपीला शोधून ताब्यात घेण्याची देशोदेशींच्या पोलिसांना केलेली विनंती, काढायला नकार दिला. विनंती पाठवली तेव्हा आरोपपत्र दाखल झाले नव्हते, असे कारण एनआयएने दिले. शिवाय इंटरपोलच्या घटनेचे तिसरे कलम त्या संस्थेला राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणांत पडायला मनाई करते, त्यामुळे धर्मोपदेशकाच्या बाबतीत पुरावा किती काटेकोर लागतो हे उघड आहे. नाईक ज्या मलेशियात राहत होते त्या देशाशी भारताचा प्रत्यार्पण करार आहे आणि भारताने २०१८ मध्ये औपचारिक मागणीही केली, परंतु नाईक यांच्याकडे तिथला कायम रहिवासाचा परवाना होता आणि ते जोवर त्रास देत नाहीत तोवर त्यांना पाठवणार नाही, अशी भूमिका तिथले तेव्हाचे पंतप्रधान महाथीर यांनी घेतली.

ऑगस्ट २०१९ मध्ये ती कसोटीची वेळ आली. केलांतान राज्यातल्या कोटा बारू इथल्या भाषणात नाईक म्हणाले की मलेशियातल्या हिंदूंना भारतातल्या मुस्लिमांपेक्षा शंभरपट अधिक हक्क आहेत आणि तरी ते महाथीरांपेक्षा मोदींशी अधिक निष्ठावान आहेत. नाईक यांनाच परत पाठवा अशी मागणी होत होती, त्यावर त्यांनी तिथल्या चिनी लोकांना ‘जुने पाहुणे’ म्हटले आणि आधी त्यांनी जावे असे सुचवले. रबराच्या मळ्यांत राबायला गेलेल्या तमिळ मजुरांचे नातू-पणतू, आणि पिढ्यान्‌पिढ्या खाणी व दुकाने चालवणारे चिनी, यांच्या मनातली सर्वांत जुनी भीती हीच असते की कोणीतरी एक दिवस आपल्याला पाहुणे म्हणेल. पोलिसांनी नाईक यांची तासन्‌तास चौकशी केली, देशभर त्यांच्या जाहीर भाषणांना मनाई झाली, आणि त्यांनी माफी मागितली. माफीतही मुख्य मुद्दा हाच होता की आपले शब्द संदर्भ सोडून पसरवले गेले. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी पीस टीव्हीच्या वाहिन्यांनी परवाने सोडून दिले, आणि २०२० मध्ये द्वेषमूलक मजकुराबद्दल तिथल्या प्रसारण नियामकाने त्यांच्या परवानाधारक कंपन्यांना एकूण तीन लाख पौंडांचा दंड केला.

नाईक यांच्याविरुद्धच्या भारतातल्या खटल्याचा निकाल त्यांच्या अनुपस्थितीमुळे अडून राहिला आहे. न्याय्य वागणुकीची खात्री वाटेल तेव्हाच आपण परतू, असे ते सांगत आले आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पाकिस्तान सरकारच्या निमंत्रणावरून ते तिथे गेले. कराचीतल्या सभेत एका पश्तून तरुणीने माइक हाती घेतला. तिच्या भागात लोक कट्टर धार्मिक आहेत, नमाज-रोजे पाळले जातात, तरीही व्यसने, व्यभिचार आणि मुलांचे लैंगिक शोषण पसरलेले आहे. उलेमा यावर का बोलत नाहीत, असे तिने विचारले. नाईक यांनी उत्तर दिले की तिच्या प्रश्नातच विसंगती आहे, कारण इस्लामी समाजात असे शोषण होऊच शकत नाही, आणि असा आरोप केल्याबद्दल तिने माफी मागावी. या वेळी समोरची व्यक्ती बिगरमुस्लिम नव्हती, तिने कोणत्याही ग्रंथावर आक्षेप घेतला नव्हता, आणि अध्याय-आयतीच्या आकड्यांनी मिटेल असा तो वादही नव्हता. ती आपल्या गावातल्या मुलांविषयी विचारत होती.